विश्लेषण : लुई आर्मस्ट्राँगची जन्मतारीख मृत्यूनंतर १७ वर्षांनी का बदलली? संगीतकाराच्या चरित्राची पडताळणी कशी होते?

जॅझचा सर्वांत प्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याने ४ जुलै १९७१ रोजी आपला ७१ वा वाढदिवस साजरा केला. दोनच दिवसांनी, ६ जुलैला न्यूयॉर्कमधल्या राहत्या घरी त्याचे निधन झाले. जगभरच्या वृत्तपत्रांनी वय ७१ असे छापले. प्रत्यक्षात त्याने सत्तरीही गाठली नव्हती. वयाची ७० वर्षे पूर्ण व्हायला एक महिना बाकी होता. त्याच्या जन्माची खरी तारीख उजेडात यायला आणखी १७ वर्षे जावी लागली. आयुष्यभर हजारो मुलाखती दिलेल्या, दोन आत्मचरित्रे नावावर असलेल्या माणसाची जन्मतारीखच चुकीची कशी राहिली? ती कोणी आणि कशाच्या आधारे दुरुस्त केली? आणि अशी दुरुस्ती खरेच महत्त्वाची असते का?

आधी मान्य असलेली तारीख कोणती होती?

आर्मस्ट्राँग आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगत असे. ४ जुलै हा अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. १९०० हे वर्षही लक्षात राहणारे. अमेरिकेने जगाला दिलेले संगीत म्हणून जॅझकडे पाहिले जाते. त्या संगीताचा सर्वांत मोठा कलावंत स्वातंत्र्यदिनी जन्माला यावा, ही गोष्ट सांगायला सोपी आणि ऐकायला गोड होती. पत्रकारांनी, रेकॉर्ड कंपन्यांनी आणि चरित्रकारांनी ती पुन्हा पुन्हा सांगितली. १९७० मध्ये न्यूपोर्ट जॅझ महोत्सवात त्याच्या सत्तरीनिमित्त खास कार्यक्रम झाला, तोही याच तारखेच्या हिशेबाने.

या तारखेला कागदाचा आधार नव्हता असेही नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, सप्टेंबर १९१८ मध्ये अमेरिकेत १८ ते ४५ वयोगटातील पुरुषांची सैन्यभरतीसाठी नोंदणी झाली. त्या वेळच्या आर्मस्ट्राँगच्या कार्डावर ४ जुलै १९०० हीच तारीख आहे. म्हणजे ही तारीख त्याने प्रसिद्ध झाल्यावर जाहिरातीसाठी रचलेली नव्हती. न्यू ऑर्लिन्सच्या गल्लीबाहेर त्याला कोणी ओळखत नव्हते, तेव्हापासून तो तीच सांगत होता.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजायला फारसे अवघड जाऊ नये. आपल्याकडे जुन्या पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवत नसे, मग गुरुजी प्रवेशाच्या हिशेबाने १ जून लिहून मोकळे होत. पुढे तीच तारीख दाखल्यावर, नोकरीत आणि पेन्शनच्या कागदावर गेली. त्यात कोणी खोटे बोलले असे नसते. जन्माची नोंद ज्यांच्यापर्यंत पोहोचली नाही, अशा घरांची ती गोष्ट असते.

खरी तारीख कुठे सापडली?

न्यू ऑर्लिन्समधले संगीत-इतिहासाचे अभ्यासक टॅड जोन्स यांनी हा शोध घेतला. शहरातल्या ‘सेक्रेड हार्ट ऑफ जीझस’ या कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत त्यांना एक नोंद सापडली. २५ ऑगस्ट १९०१ रोजी एका बाळाचा बाप्तिस्मा झाला होता. आडनाव आर्मस्ट्राँग, वडील विल्यम, आई मेरी अल्बर्ट, जन्म ४ ऑगस्ट १९०१. नावापुढे लॅटिनमध्ये दोन शब्द होते. त्यांचा अर्थ कृष्णवर्णीय आणि अनौरस. १९८८ मध्ये समीक्षक गॅरी गिडिन्स यांच्या ‘सॅच्मो’ या पुस्तकामुळे ही माहिती जगापुढे आली. आज सर्व गंभीर चरित्रे हीच तारीख देतात.

कागद जुना होता, एवढ्यावरून अभ्यासकांनी तो मान्य केला नाही. त्यांनी काही साधे प्रश्न विचारले. नोंद घटनेपासून किती जवळची आहे? फक्त तीन आठवड्यांनंतरची. माहिती कोणी दिली असेल? बाळाला चर्चमध्ये घेऊन गेलेल्या घरच्या माणसांनी, म्हणजे ज्यांना ती प्रत्यक्ष माहीत होती त्यांनी. खोटे सांगण्यात कोणाचा फायदा होता का? तीन आठवड्यांच्या गरीब घरातल्या मुलाचे वय चोरून काय मिळणार? शेवटचा प्रश्न, हे बाळ तोच लुई कशावरून? आईवडिलांची नावे आर्मस्ट्राँगने स्वतः सांगितलेल्या नावांशी जुळत होती, शहरही तेच होते. चारही उत्तरे एकाच दिशेने गेली, तेव्हा तारीख बदलली.

मग सैन्यभरतीचे कार्ड खोटे ठरते का?

पडताळणीतला महत्त्वाचा मुद्दा इथे आहे. दोन्ही कागद अस्सल आहेत. फरक आहे तो माहितीच्या उगमाचा. भरतीच्या कार्डावर कारकुनाने लिहिले ते समोरच्या तरुणाने सांगितलेले वय. जन्मानंतर १७ वर्षांनी, ज्याला स्वतःचा जन्म आठवणे शक्यच नाही अशा माणसाने दिलेली ती माहिती. त्यामुळे ‘१९१८ मध्ये आर्मस्ट्राँग आपली जन्मतारीख ४ जुलै १९०० सांगत होता’ एवढेच त्या कार्डावरून सिद्ध होते.

खऱ्या तारखेनुसार तो त्या वेळी १७ वर्षांचा होता, म्हणजे त्याला नोंदणीची गरजही नव्हती. मग त्याने ती का केली? त्याला स्वतःला आपण १८ वर्षांचे आहोत असेच वाटत असेल, हा एक अंदाज. कामधंद्यासाठी प्रौढ असल्याचा कागद हाताशी असावा म्हणून केली असेल, हा दुसरा. दोन्ही अंदाजच आहेत, आणि चांगला चरित्रकार त्यांना अंदाजच म्हणतो.

आणखी एक गमतीदार पुरावा आहे. १ जानेवारी १९१३ च्या सुमारास नववर्षाच्या जल्लोषात रस्त्यावर पिस्तूल झाडल्याबद्दल लहानग्या लुईला अटक झाली. न्यू ऑर्लिन्सच्या ‘टाइम्स-डेमोक्रॅट’ने २ जानेवारीला त्याची छोटी बातमी दिली. त्यात त्याचे वय १२ लिहिले आहे. चर्चच्या नोंदीनुसार तो तेव्हा ११ वर्षांचा होता. म्हणजे वर्षाचा घोळ लहानपणीच सुरू झाला होता. घटनेच्या दुसऱ्याच दिवशीची बातमी घटनेबाबत विश्वासार्ह असू शकते, पण त्याच बातमीतले वय चुकीचे असू शकते. एकच कागद एका बाबतीत पक्का आणि दुसऱ्या बाबतीत कच्चा असतो, हे लक्षात ठेवले की निम्मे गोंधळ टळतात.

आत्मचरित्र तर स्वतःचे असते, त्यावर तरी विश्वास ठेवावा ना?

ठेवावा, पण तपासून. आर्मस्ट्राँगच्या नावावर दोन आत्मचरित्रे आहेत. ‘स्विंग दॅट म्युझिक’ १९३६ मध्ये आले. त्यावर दुसऱ्यांच्या लेखणीचा हात इतका फिरलेला आहे की त्यातला आवाज त्याचा वाटत नाही. ‘सॅच्मो : माय लाइफ इन न्यू ऑर्लिन्स’ १९५४ मध्ये आले. ते त्याच्या स्वतःच्या टंकलिखितावर आधारलेले आहे. याशिवाय त्याने पत्रे लिहिली, टिपणे काढली, घरी टेपरेकॉर्डरवर शेकडो टेप भरून ठेवल्या. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले त्याचे घर आज संग्रहालय आहे आणि हा सगळा ठेवा जपून ठेवलेला आहे. स्वतःबद्दल इतके साहित्य मागे ठेवणारे संगीतकार थोडेच.

अडचण अशी की त्याच्या स्वतःच्याच आठवणी एकमेकींशी पूर्ण जुळत नाहीत. त्याच्या हाती पहिल्यांदा कॉर्नेट कधी आले, हा प्रश्न घ्या. कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखेच, थोडे आखूड वाद्य. पिस्तुलाच्या प्रकरणानंतर त्याला कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठवण्यात आले. तिथे पीटर डेव्हिस या शिक्षकांनी त्याला टप्प्याटप्प्याने वाद्ये दिली आणि अखेर कॉर्नेट हाती आले, ही त्याने अनेक वर्षे सांगितलेली हकिकत. पण १९६९ मध्ये इस्पितळात असताना त्याने एक दीर्घ टिपण लिहिले. त्यात तो १९०७ सालाकडे जातो. लिथुआनियातून आलेल्या कार्नोफ्स्की या ज्यू कुटुंबाच्या भंगाराच्या गाडीवर तो पोरवयात काम करत होता. गहाणवटीच्या दुकानात दिसलेले पाच डॉलरचे कॉर्नेट घ्यायला त्या कुटुंबाने त्याला पैसे आगाऊ दिले, असे तो कृतज्ञतेने सांगतो.

यातली कोणती गोष्ट खरी? दोन्ही खऱ्या असू शकतात. लहानपणी जुने वाद्य हाती येणे वेगळे आणि शिक्षकाकडून ते रीतसर शिकणे वेगळे. पण १९०७ मध्ये आपण सात वर्षांचे होतो हा त्याचा हिशेब १९०० या जन्मवर्षावर उभा आहे. जन्मवर्ष १९०१ धरले तर तो पाच-सहा वर्षांचा ठरतो, आणि मग त्या कामाची, कॉर्नेटची आणि वर्षाची सांगड पुन्हा घालावी लागते. एक तारीख हलली की तिच्यावर टेकलेल्या इतर तारखाही हलतात.

याच पडताळणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. न्यू ऑर्लिन्सचे पत्रकार जेम्स कार्स्ट यांनी जुनी वृत्तपत्रे चाळताना दाखवून दिले की १९१० मध्ये, नऊ वर्षांचा असतानाही लुईला अटक होऊन त्याच सुधारगृहात पाठवण्यात आले होते. आत्मचरित्रात हा प्रसंग नाही. १९१३ च्या बातमीत त्याला जुना गुन्हेगार म्हटले होते. ते शब्द वाचकांना आधी वर्णद्वेषी शेरा वाटत. त्यात वर्णद्वेष होताच, पण त्यामागे एक आधीची नोंदही होती. उलट पिस्तुलाची हकिकत त्याने सांगितली तशीच, जागेसकट, वृत्तपत्रात सापडली. आठवणीत तारखा घसरतात, पण प्रसंग टिकतात. काही प्रसंग माणूस सांगतच नाही.

सुंदर गोष्टी सर्वांत संशयास्पद का?

कारण त्या कोणी तपासत नाही. आर्मस्ट्राँगच्या ‘हीबी जीबीज’ या तबकडीची गोष्ट पाहा. २६ फेब्रुवारी १९२६ रोजी शिकागोत ध्वनिमुद्रण चालू असताना गाण्याचा कागद त्याच्या हातून खाली पडला. शब्द आठवेनात म्हणून त्याने अर्थहीन अक्षरे गायली आणि ‘स्कॅट’ गायनाचा जन्म झाला, असे सांगतात. ही हकिकत त्याच्या साथीदारांनी सांगितली, पुढे त्याने स्वतःही सांगितली. कागद पडला की नाही हे तबकडीवरून ठरवता येत नाही. पण ‘जन्म’ हा दावा तपासता येतो, कारण त्याआधीच्या तबकड्या उपलब्ध आहेत. जीन ग्रीन या गायकाच्या १९११ च्या मुद्रणात अशी निरर्थक अक्षरांची गायकी ऐकू येते. म्हणजे स्कॅट त्या दिवशी जन्मले नाही. आर्मस्ट्राँगने त्याला दिलेली झेप आणि लोकप्रियता मात्र खरी आहे.

त्याच शहरातल्या बडी बोल्डन याची कथा तर याहून बोलकी. जॅझचा पहिला मोठा कॉर्नेटवादक म्हणून त्याचे नाव घेतले जाते. त्याची एकही तबकडी उपलब्ध नाही, छायाचित्र एकच आहे. ही रिकामी जागा दंतकथांनी भरली. तो न्हावी होता, दुकान चालवत असे, ‘द क्रिकेट’ नावाचे चहाडखोर पत्र काढत असे, असे १९३९ च्या ‘जॅझमेन’ या पुस्तकापासून सगळे लिहीत आले. अभ्यासक डोनाल्ड मार्क्विस यांनी शहराच्या डिरेक्टऱ्या, चर्च, पोलीस आणि मनोरुग्णालयाच्या नोंदी वर्षानुवर्षे पालथ्या घातल्या आणि १९७८ मध्ये बोल्डनवर पुस्तक लिहिले. न्हाव्याच्या दुकानाला आणि त्या पत्राला त्यांना कोणताही आधार मिळाला नाही. मिळाले ते असे : जन्म १८७७, १९०७ मध्ये मनोरुग्णालयात रवानगी, १९३१ मध्ये तिथेच मृत्यू. दंतकथेतला रंगेल नायक गेला आणि आयुष्याची शेवटची २४ वर्षे भिंतीआड काढलेला माणूस दिसू लागला.

कधी चुकीमागे उघड हेतूही असतो. पियानोवादक जेली रोल मॉर्टन याने १९३८ मध्ये ‘डाउन बीट’ मासिकाला पत्र लिहून आपण १९०२ मध्ये जॅझची निर्मिती केली असा दावा केला. आपला जन्म १८८५ चा, असे तो सांगे. बाप्तिस्म्याच्या कागदावर मात्र ऑक्टोबर १८९० आहे. त्या हिशेबाने १९०२ मध्ये तो फार तर १२ वर्षांचा होता. जन्मवर्ष मागे नेले तरच दावा उभा राहतो. म्हणून पडताळणी करणारा नेहमी विचारतो, ही तारीख अशीच असण्यात कोणाला सोय आहे? मॉर्टन थोर संगीतकार होता यात शंका नाही, पण त्याचा मोठेपणा सिद्ध करायला त्या दाव्याची गरज नव्हती.

चुकीची गोष्ट चांगल्या हेतूने पसरली तर?

ब्लूज गायिका बेसी स्मिथ हिच्या मृत्यूचे प्रकरण यासाठी पाहण्यासारखे आहे. २६ सप्टेंबर १९३७ च्या पहाटे मिसिसिपी राज्यात क्लार्क्सडेल गावाजवळ तिच्या मोटारीला अपघात झाला आणि ती गेली. नोव्हेंबरमध्ये निर्माते जॉन हॅमंड यांनी ‘डाउन बीट’मध्ये लेख लिहिला. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दाखल करून घेतले नाही आणि रक्तस्राव होऊन तिचा जीव गेला, अशी चर्चा त्यांनी मांडली. ती त्यांनी ऐकीव माहितीवर लिहिली होती. पुढे नाटककार एडवर्ड अल्बी यांनी याच प्रसंगावर नाटक लिहिले आणि गोष्ट पक्की झाली.

चरित्रकार ख्रिस अल्बर्टसन यांनी १९७२ च्या पुस्तकात अपघातस्थळी थांबलेल्या डॉक्टरांची हकिकत मिळवून छापली. त्यानुसार तिला गोऱ्यांच्या रुग्णालयात नेलेच गेले नव्हते. थेट गावातल्या कृष्णवर्णीयांच्या रुग्णालयात नेले आणि तिथे तिचा मृत्यू झाला. तिच्या जखमा अतिशय गंभीर होत्या.

म्हणजे वर्णद्वेष नव्हता असा अर्थ काढायचा का? अजिबात नाही. दोन वेगळी रुग्णालये होती, आणि कोणत्या जखमीला कुठे न्यायचे हे कातडीच्या रंगावरून आधीच ठरलेले होते. नकार द्यायची वेळच येऊ नये इतकी ती व्यवस्था पक्की होती. खोट्या प्रसंगाने एक दुष्ट रुग्णालय दाखवले. खऱ्या प्रसंगाने संपूर्ण समाजाची रचना दाखवली. अन्यायाविरुद्ध बोलताना चुकीचा दाखला दिला की तो खोडून काढणाऱ्याला अन्यायच नाकारण्याची संधी मिळते. म्हणून चांगल्या बाजूच्या गोष्टी अधिक काटेकोरपणे तपासायला हव्यात.

वर्षभराच्या फरकाने असे काय बिघडते?

आकडेवारीत थोडे बिघडते. ९ मे १९६४ रोजी आर्मस्ट्राँगचे ‘हॅलो, डॉली!’ हे गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेले आणि बीटल्सची सलग १४ आठवड्यांची सद्दी संपली. त्या वेळी त्याचे वय ६३ समजले जात होते, प्रत्यक्षात ते ६२ होते. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळाला त्याचे नाव देण्यात आले ते २००१ मध्ये, म्हणजे दुरुस्त तारखेप्रमाणे येणाऱ्या जन्मशताब्दीच्या वर्षी. शहरात त्याच्या नावाचा उत्सव आता ऑगस्टमध्ये होतो, जुलैमध्ये नाही.

पण खरा फरक माणूस समजण्यात पडतो. ४ जुलै १९०० ही तारीख एका राष्ट्राची गोष्ट सांगते. ४ ऑगस्ट १९०१ ची नोंद एका आईची गोष्ट सांगते. लग्न न झालेली, गरीब, वयाने अगदी कोवळी मेरी अल्बर्ट. तिचे बाळ तीन आठवड्यांचे असताना घरच्यांनी त्याला चर्चमध्ये नेले आणि त्याचे नाव वहीत घातले. त्या वहीने बाळाच्या नावापुढे दोन शिक्के मारले. तरीही त्याच्या जन्माचा विश्वासार्ह पुरावा म्हणून आज तीच वही पुढे येते. ज्याला साधा जन्मदाखला मिळाला नाही, तो पुढे आपल्या देशाचा जगभरातला चेहरा झाला. हे समजायला खरी तारीखच लागते.

तारीख चुकली म्हणून आर्मस्ट्राँग खोटारडा ठरत नाही, हेही तितकेच महत्त्वाचे. त्याला बहुधा जे सांगितले गेले तेच त्याने जगाला सांगितले. पडताळणी म्हणजे माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे नव्हे.

मुंबई-गोव्याचा याच्याशी संबंध काय?

संबंध जुना आहे. १९२६ मध्ये शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर ध्वनिमुद्रणात पियानो वाजवणारा टेडी वेदरफर्ड पुढे मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. १९४५ मध्ये कोलकात्यात कॉलऱ्याने त्याचा मृत्यू झाला. त्या काळात मुंबईतल्या जॅझ वाद्यवृंदांत गोव्याचे अनेक वादक होते. हळदोण्याचे अँटोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट यांना तर भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हटले जाई. त्यांनी संगीतकार सी. रामचंद्र यांच्याबरोबर काम केले. १९५१ च्या ‘अलबेला’तल्या गाण्यांत त्या जॅझची चाल आजही ऐकू येते.

या वादकांची चरित्रे लिहिताना वेगळीच अडचण येते. आर्मस्ट्राँगच्या बाबतीत एकमेकांशी न जुळणारे कागद फार आहेत, इथे कागदच कमी आहेत. हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत वाद्यमेळ बांधणाऱ्यांची आणि वादकांची नावे अनेकदा आलीच नाहीत. त्यामुळे ‘नामावलीत नाव नाही, म्हणजे काम केले नाही’ असे म्हणता येत नाही. दुसरीकडे, नंतर कोणीतरी ‘या गाण्यातला तो ट्रम्पेट त्यांचाच’ असे म्हटले म्हणून ते सिद्धही होत नाही. नरेश फर्नांडिस यांचे ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ आणि ग्रेगरी बूथ यांचे ‘बिहाइंड द कर्टन’ ही पुस्तके यासाठी मोलाची आहेत. जुनी वृत्तपत्रे, छायाचित्रे आणि स्टुडिओत बसलेल्या वादकांच्या मुलाखती यांतून त्यांनी हा इतिहास उभा केला.

न्यू ऑर्लिन्सप्रमाणे गोव्यातही गावोगावच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत. घरोघरी करारपत्रे, हॉटेलांच्या कार्यक्रमपत्रिका, मागे तारीख लिहिलेली छायाचित्रे पडून असतात. आजोबा गेले की ती पेटी रद्दीत जाते. टॅड जोन्स यांना नोंदवही सापडली, कारण कोणीतरी ती ८७ वर्षे जपून ठेवली होती.

मोबाइलवर चरित्र वाचताना काय तपासावे?

पहिली गोष्ट, दहा संकेतस्थळांवर एकच मजकूर असेल तर ते दहा पुरावे नव्हेत. बहुतेक वेळा एकाचे दुसऱ्याने उचललेले असते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांकडून मिळणारे उत्तरही याच ढिगाऱ्यातून येऊ शकते. आर्मस्ट्राँगची चुकीची तारीख शेकडो ठिकाणी छापली गेली होती आणि बरोबर तारीख एकाच वहीत होती.

दुसरी, प्रत्येक दाव्याला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी सांगितले? घटनेनंतर किती काळाने सांगितले? त्याला ते कसे माहीत होते?

तिसरी, संपूर्ण चरित्र खरे की खोटे असा निवाडा करू नये. दावे सुटे करून तपासावेत. जन्मतारीख चूक, प्रसंग बरोबर, वर्ष शंकास्पद, अशी सरमिसळ सर्वसामान्य असते.

चौथी, तपासता येणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करावी. ध्वनिमुद्रणाची तारीख, चित्रपटाचे वर्ष, वृत्तपत्रातली जाहिरात या गोष्टी पक्क्या असतात. त्यांच्याशी इतर हकिकती ताडून पाहता येतात.

पाचवी, ‘पहिला’, ‘एकमेव’, ‘जनक’, ‘योगायोगाने’ हे शब्द दिसले की थांबावे. कागद खाली पडणे, स्वातंत्र्यदिनी जन्म होणे अशा फार नीटनेटक्या गोष्टी आयुष्यात क्वचित घडतात.

आणि शेवटची गोष्ट घरातली. आपल्या आजी-आजोबांचा वाढदिवस १ जूनला असेल, तर खरी तारीख एकदा विचारून पाहावी. ‘त्या वर्षी मोठा पूर आला होता’ किंवा ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ असे काहीतरी उत्तर येईल. ते सांगणाऱ्याच्या नावासह आणि आजच्या तारखेसह लिहून ठेवावे. पुढे कोणी त्यांच्याविषयी लिहायला बसले, तर ती नोंद हाताशी असेल.